कचऱ्याचे नवे नियम आणि आपली माणसे

केंद्र सरकारने घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित केले आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरविली. २०१६ च्या नियमांची जागा आता या नियमांनी घेतली आहे. बातम्यांत चर्चा झाली ती मुख्यतः चार डब्यांची. ओला कचरा, सुका कचरा, सॅनिटरी कचरा आणि औषधे, बल्ब, रंगाचे डबे यांसारखा विशेष काळजीचा कचरा अशी चार भागांत विभागणी प्रत्येक घराने करावयाची आहे. मध्यमवर्गीय वाचकाला त्यातून एकच प्रश्न पडला, स्वयंपाकघरात चार डबे ठेवायचे कुठे? प्रश्न खोटा नाही. पण डबा भरल्यानंतर तो कोणाच्या हाती जातो, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा कोणी विचारला नाही.

आपल्या व्यासपीठांवरही तो विचारला जात नाही. आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचार, साहित्य, धर्मांतर यांवर आपण बोलतो आणि बोललेच पाहिजे. कचरा हा विषय मात्र आपण पर्यावरणवाद्यांकडे सोपवून मोकळे झालो आहोत. पर्यावरणवाद्याला कचऱ्याचा ढीग दिसतो, त्यातून झिरपणारे काळे पाणी दिसते. ढिगावर वाकलेली बाई दिसेलच असे नाही. आणि ती बाई बहुतेक वेळा आपली असते. पुण्यात, पिंपरी-चिंचवडला, मुंबईत देवनारला, औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर), नागपूरला कुठेही जाऊन पाहावे. मातंग, पूर्वाश्रमीचे महार, भटक्या-विमुक्तांतल्या जाती, गरीब मुसलमान, यांच्या बाहेरचा माणूस कचऱ्याच्या ढिगावर शोधावा लागतो.

म्हणून हे नियम आपण आपल्या डोळ्यांनी वाचले पाहिजेत. मी अर्थशास्त्र शिकवितो, कायद्याचा जाणकार नाही. पण दिल्लीत लिहिलेले एक वाक्य गल्लीतल्या एका बाईच्या रोजच्या मिळकतीपर्यंत कसे उतरते, एवढे तरी समजून घेता येते. तेवढेच येथे करीत आहे.

पहिल्याने कचऱ्याचे अर्थकारण पाहू. घरातून निघणाऱ्या कचऱ्यात वजनाने मोठा भाग ओल्याचा असतो. त्याला बाजारात किंमत नाही. सुक्या कचऱ्यात पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, लोखंड, ॲल्युमिनियम, काच या वस्तूंना भाव आहे. वेफरच्या पाकिटासारख्या चकचकीत, अनेक थरांच्या वेष्टनाला जवळजवळ भाव नाही, कारण त्याचे थर सुटे करता येत नाहीत. कचरा वेचणारी बाई ज्याला भाव आहे तेवढे निवडते. तिच्या भाषेत त्याला कचरा म्हणत नाहीत, ‘माल’ म्हणतात. तो माल ती गल्लीतल्या भंगारवाल्याला देते, तो मोठ्या व्यापाऱ्याला, तो कारखान्याला. प्रत्येक पायरीवर भाव वाढतो. सर्वांत कमी भाव पहिल्या पायरीवर, जिथे सर्वांत जास्त मेहनत आणि सर्वांत जास्त रोगराई आहे. बलुत्याची व्यवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांना या जिन्याची रचना वेगळी समजावून सांगायला नको.

ही बाई माल वेचते तेव्हा नगरपालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचतो, डेपोवरची जागा वाचते. पुणे-पिंपरी चिंचवडमधील भंगार गोळा करणाऱ्यांचा एक अभ्यास २००१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी झाला. एक कचरावेचक दरमहा सुमारे २४६ रुपयांचे फुकट श्रम महापालिकेला देते, असा हिशेब त्यात मांडला होता. पंचवीस वर्षांपूर्वीचे २४६ रुपये. आपण सरकारकडे अनुदान मागतो असे सतत ऐकविले जाते. येथे अनुदान कोण कोणाला देत होते ते पाहावे.

आता नियमांकडे येऊ. कचऱ्याविषयीचा राष्ट्रीय पातळीवरचा पहिला मोठा बदल २००० सालचा. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतून तो आला. रस्त्यावरच्या उघड्या कचराकुंड्या बंद कराव्यात, कचरा घरोघरी जाऊन गोळा करावा, शास्त्रीय पद्धतीने त्याची विल्हेवाट लावावी, असे त्या नियमांनी सांगितले. ऐकायला याहून चांगले काय असणार? पण कचराकुंडी हेच ज्यांचे कामाचे ठिकाण होते त्यांचे काय? कुंडी गेली, कचरा थेट घरातून गाडीत आणि गाडीतून डेपोवर गेला, की वेचणारीच्या वाट्याला माल उरत नाही. ज्या अनेक शहरांनी घरोघरचे संकलन खासगी ठेकेदारांना दिले, तेथे नेमके हेच झाले. दिल्लीत झाले. आपल्याकडे नागपुरातही घरोघरचे संकलन खासगी ठेक्यात गेले. कोणी कोणाला हाकलून दिले नाही, लाठी चालली नाही, एका चांगल्या नियमाच्या चांगल्या अंमलबजावणीने माणसे बाजूला पडली. नियमात वाईट हेतू नव्हता असे मी मानतो. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती माणसेच नव्हती, हे त्याहून वाईट आहे.

पुण्यात वेगळे घडले, आणि ते का घडले हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. तेथे नियम येण्याच्या आधी संघटना आली होती. एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या कचरावेचकांच्या वस्त्यांत गेल्या होत्या. १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. हमाल पंचायतीचा अनुभव पाठीशी होता. (बाबा आढाव डिसेंबर २०२५ मध्ये गेले. ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणणारा माणूस कचऱ्याच्या प्रश्नापर्यंत यावा यात मला आश्चर्य वाटत नाही. पाणवठा आणि उकिरडा या गावाच्या दोन टोकांना असलेल्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत.) पंचायतीने पहिली मागणी केली ती पैशाची नव्हे, ओळखपत्राची. १९९० च्या दशकाच्या मध्यात महापालिकेने त्या ओळखपत्रांना मान्यता दिली.

शहरातल्या शिकलेल्या माणसाला एका कार्डाचे महत्त्व कळणे कठीण आहे. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडून पुण्याला आली. तिची मुलगी, म्हणजे माझी आत्या, लहानपणापासून आईबरोबर कचरा वेचायला जाई. पहाटे पाठीवर पोते घेऊन जाणाऱ्या बाईला पोलीस, रखवालदार, कोणीही अडवी आणि पहिला शब्द ‘चोर’ हाच निघे. आत्या म्हणते, “कार्ड गळ्यात आलं अन् त्यांच्या तोंडातला ‘ए’ गेला. ‘बाई’ म्हणाया लागले.” समाजशास्त्रज्ञ याला मान्यता म्हणतील. तिच्या दृष्टीने रोजच्या शिव्यांतली एक शिवी कमी झाली.

अशी संघटना होती म्हणून २००० च्या नियमांचा अर्थ पुण्यात उलटा लावता आला. घरोघरी जाऊन कचरा घ्यायचा आहे ना? मग ते काम आम्हीच करू. २००५ च्या सुमारास प्रयोग झाला, २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. रचना साधी आहे. सभासद बाई ठरलेल्या घरांतून रोज कचरा घेते, प्रत्येक घर तिला दरमहा शुल्क देते, ओला कचरा ती महापालिकेच्या गाडीत टाकते, आणि सुक्या कचऱ्यातला विक्रीयोग्य माल तिचा. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. शुल्क हे श्रमाचे मोल आहे. माल हा तिचा हक्क आहे. शुल्क बुडविणारी घरे असतात. सोसायट्या चार-चार महिने पैसे थकवितात. आत्याच्या भागातल्या एका सोसायटीने तर ‘तुम्हाला माल मिळतो, मग पैसे कशाला?’ असा सवाल केला होता. दोन चाके असली की एक अडकले तरी गाडी चालते. त्यातले मालाचे चाक काढून घेतले तर काय होईल, हाच आजचा प्रश्न आहे.

२०१६ च्या नियमांनी कागदावर बरेच दिले. कचरावेचक कोण याची व्याख्या नियमात आली. त्यांच्या संघटनांना स्थानिक संस्थांनी ओळखावे, संकलनाच्या कामात सामावून घ्यावे, असे स्पष्ट म्हटले गेले. सॅनिटरी पॅड बनविणाऱ्या कंपन्यांनी ते गुंडाळण्यासाठी वेष्टन द्यावे हेही आले. या कलमामागे एक इतिहास आहे. वापरलेले पॅड उघड्या हातांनी वेगळे करावे लागते याच्या निषेधार्थ पुण्याच्या कचरावेचक स्त्रियांनी २०१३ मध्ये ते गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठविले होते. दलित स्त्रीने दुसऱ्याच्या घरातले रक्त निमूटपणे उचलावे ही हजारो वर्षांची अपेक्षा; तिने ते पार्सल करून मालकाच्या पत्त्यावर धाडले. निषेधाचा याहून नेमका प्रकार मला आपल्या चळवळीत फारसा आढळला नाही. नव्या नियमांतला सॅनिटरी कचऱ्याचा स्वतंत्र डबा हा याच मागणीच्या वाटेवरचा आहे आणि त्याचे मी मनापासून स्वागत करतो. चार डब्यांतला हाच डबा आपल्या स्त्रियांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि लोक पाळणार नाहीत तो हाच, अशी मला भीती आहे. न पाळणाऱ्याला दंड होईल की नाही ठाऊक नाही. ते वेगळे करण्याचे काम मात्र ठरलेल्या हातांवरच येईल.

आता ज्या सुधारणांना पुनर्चक्रीकरणाच्या सुधारणा म्हणतात त्यांच्याकडे वळतो. यातली सर्वांत मोठी म्हणजे विस्तारित उत्पादक जबाबदारी. शब्द अवजड आहेत, कल्पना सोपी आहे. ज्या कंपनीने प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकला, तिनेच ते वेष्टन परत गोळा होईल आणि पुन्हा वापरात येईल याची जबाबदारी घ्यावी. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने प्लास्टिक वेष्टनांसाठी याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२१-२२ साठी २५ टक्के, २०२२-२३ साठी ७० टक्के आणि २०२३-२४ पासून १०० टक्के, असे जबाबदारीचे प्रमाण ठरले. डिसेंबर २०२४ मध्ये कागद, काच, धातूची वेष्टने आणि सॅनिटरी वस्तू यांच्यासाठीही असाच मसुदा प्रसिद्ध झाला. तत्त्व न्याय्य आहे. ज्याने घाण केली त्याने साफ करावी, हे तर आपलेच म्हणणे.

पण पैसा वाहतो कसा ते पाहावे. कंपनी स्वतः वेष्टने गोळा करीत नाही. ती प्रमाणपत्र विकत घेते. प्रमाणपत्र देतो तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेला प्रक्रियादार, म्हणजे ज्याच्याकडे यंत्र आहे तो. अमुक टन प्लास्टिकवर प्रक्रिया केली असे तो दाखवितो, तेवढे प्रमाणपत्र त्याला मिळते, ते तो कंपनीला विकतो. म्हणजे प्रक्रियादाराला मालाचे दोनदा पैसे मिळाले, एकदा दाण्याचे आणि एकदा प्रमाणपत्राचे. ज्या बाईने ती पिशवी आमटीच्या खरकट्यातून बाजूला काढली, तिला यातला वाटा किती? मार्गदर्शक तत्त्वांत तिच्यासाठी किमान भाव ठरविलेला नाही. प्रक्रियादार व्यापाऱ्याला थोडा जास्त भाव देईल, व्यापारी भंगारवाल्याला, भंगारवाला तिला, असे पाठ्यपुस्तकातले अर्थशास्त्र सांगते. मी तेच पाठ्यपुस्तक वर्गात शिकवितो, म्हणून खात्रीने सांगतो की ज्या बाजारात विकणारीला त्याच संध्याकाळी पैसे हवे असतात आणि घेणाऱ्याकडे तिची उचल असते, त्या बाजारात वरचा भाव खाली झिरपत नाही. उतरलेला भाव मात्र त्याच दिवशी खाली पोहोचतो.

शिवाय प्रमाणपत्र ही कागदाची वस्तू असल्याने ती खोटीही निघते. २०२३ मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत काही प्रक्रियादारांनी मोठ्या संख्येने बनावट प्रमाणपत्रे काढल्याचे उघडकीस आले. एका बाजूला कचरा न उचलता उचलल्याचा कागद, आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष उचलणाऱ्या बाईजवळ कागदच नाही. ही विसंगती आपल्या कवींना सुचण्यासारखी आहे.

करांचेही असेच. १ ऑक्टोबर २०२१ पासून प्लास्टिक भंगारावरचा वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेला गेला. कचरावेचक बाई कर भरत नाही. पण वरच्या व्यापाऱ्याचे भांडवल करात अडकते, नोंदणी नसलेल्यांकडून माल घेणे त्याला नकोसे होते, आणि तो भाव पाडून घेतो. जी या कराच्या रचनेत कुठेच नाही, तिच्याच पदरातून काही भाग जातो.

तिसरी गोष्ट जाळण्याची. २०१६ च्या नियमांनीच म्हटले होते की किलोला १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक उष्णता देणारा, पुनर्चक्रीकरण न होणारा कचरा डेपोवर पुरू नये, त्याचा ऊर्जेसाठी उपयोग करावा. नव्या नियमांत सिमेंटसारख्या उद्योगांनी आपल्या घन इंधनातला ठरावीक हिस्सा कचऱ्यापासून केलेल्या जळणाचा वापरावा, आणि तो ५ टक्क्यांपासून सहा वर्षांत १५ टक्क्यांपर्यंत न्यावा, असे आहे. नियम सांगतो की जे पुन्हा वापरता येत नाही तेच जाळा. पण ओला कचरा जळत नाही. जळते ते कोरडे: कागद, पुठ्ठा, प्लास्टिक. म्हणजे भट्टीला हवे तेच तिच्या पोत्यातही असते. भट्टीची मागणी कायद्याने दरवर्षी वाढणार आणि वेचणारीचा हक्क कायद्याने नेमका कुठेच मोजून दिलेला नाही, अशा दोघांत माल कोणाकडे जाईल?

त्यात ठेक्याची रीत भर घालते. घरोघरच्या संकलनाचा ठेका पुष्कळ ठिकाणी वजनावर असतो. गाडी डेपोच्या काट्यावर चढते, जितके टन तितके पैसे. अशा ठेकेदाराच्या दृष्टीने कचऱ्यातून किलोभर पुठ्ठा काढणारी बाई ही त्याचे वजन कमी करणारी बाई असते. तो तिला गाडीजवळ फिरकू देणार नाही. एखाद्या ठेकेदाराचे मन कठोर आहे म्हणून हे होते असे नव्हे. कराराच्या एका ओळीने ते होते. ती ओळ बदलली तर माणूस बदलावा लागत नाही.

आणखी एक सुधारणा येऊ घातली आहे, ठेव-परताव्याची. बाटली विकत घेताना जास्तीचे पैसे ठेव म्हणून द्यायचे, रिकामी परत केली की मिळवायचे. महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या यांसाठी अशी तरतूद होती. ती रुजली नाही. गोव्याने २०२४ मध्ये ठेव-परताव्याची योजना अधिसूचित केली. परदेशांत ही पद्धत बाटल्या परत मिळविण्यात फार यशस्वी ठरली आहे. मात्र बाटली ही कचरावेचकाच्या पोत्यातली चांगल्या भावाची वस्तू. ती दुकानातून परस्पर परत गेली तर पोत्यात उरणार कमी भावाचा माल. उलट, फेकलेली बाटली कोणीही परत आणली तरी ठेव मिळत असेल, आणि परत घेण्याची केंद्रे कचरावेचकांच्या संस्थांकडे असतील, तर तीच योजना तिची मिळकत वाढवील. त्याच कायद्याने ती उपाशी राहू शकते किंवा सावरू शकते. फरक पडतो तो केंद्र कोणाच्या ताब्यात दिले याने.

येथपर्यंत वाचलेल्या काही मित्रांच्या मनात एक आक्षेप उभा राहिला असेल. तो मला माझ्याच एका विद्यार्थ्याने वर्गाबाहेर गाठून विचारला. “सर, बाबासाहेबांनी ही कामं सोडा म्हणून सांगितलं. तुम्ही ती टिकवा म्हणताय का?” प्रश्न टाळण्यासारखा नाही. १९२७ मध्ये महाडला मेलेली जनावरे ओढणे सोडा हे सांगितले गेले. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करणारे विधेयक मांडले. महार वतन ही पायातली बेडी आहे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. मग सुक्या कचऱ्यावरचा हक्क हे नवे वतन तर नव्हे? आईचा भाग मुलीकडे, सासूचा सुनेकडे जातो, हे मी माझ्याच नात्यात पाहिले आहे. ‘माझी घरं’ असे त्या म्हणतात तेव्हा त्या शब्दांत हक्काचा अभिमान असतो, आणि मला त्यात येसकराच्या पाळीचा आवाजही ऐकू येतो.

पण बाबासाहेबांनीच १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ काढला होता, हेही विसरता येत नाही. जो झाडू हातात आहे तो सुटेपर्यंत त्या हातांना पगार, रजा, संघटना नको, असे त्यांनी म्हटले नाही. काम सोडण्याची हाक आणि काम करणाऱ्याचा हक्क या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या नाहीत. १९३६ मध्ये त्यांनी श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत जो भेद दाखविला तो येथे उपयोगी पडतो. घरोघरचा कचरा गोळा करणे हे शहराला लागणारे श्रम आहेत. ते कोणी तरी करणारच. ते अमुक जातीनेच करावेत, ही दुसरी गोष्ट आहे. यंत्राने ही दुसरी गोष्ट आपोआप संपत नाही. घंटागाडी आली तेव्हा तिच्या मागे उभा राहून चालत्या गाडीत हाताने कचरा निवडणारा पोरगा कोणत्या वस्तीतून आला ते विचारून पाहावे. मुंबईत कचरा वाहून नेणारे कामगार वर्षानुवर्षे ठेकेदारीत राबले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने दीर्घ लढा दिल्यावर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. गाडी होती, हायड्रॉलिक होते, आणि माणसे तीच होती.

म्हणून माझ्या मते कसोटी वेगळी लावावी. हे काम करणाऱ्या बाईला ते सोडता येते का, आणि सोडताना तिच्या हाती काही असते का? ठेकेदाराच्या गाडीने तिला हटविले तर ती काम सोडत नाही, तिच्याकडून ते हिसकावले जाते. ती दुसऱ्या शहराच्या उकिरड्यावर जाते किंवा धुण्याभांड्याला लागते. तिच्या संस्थेच्या मालकीचे वर्गीकरण केंद्र असेल, काटा असेल, गठ्ठे बांधण्याचे यंत्र असेल, तर तिची मुलगी त्या केंद्राचा हिशेब लिहील, किंवा लिहिणारही नाही, माझ्यासारखी कॉलेजात जाईल. अस्वच्छ व्यवसायातील पालकांच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती १९७७-७८ पासून आहे. कचरावेचकांच्या मुलांपर्यंत ती पुष्कळ उशिरा पोहोचली, आणि तिच्या अर्जावर आईबापाचा धंदा लिहावा लागतो म्हणून अर्जच न भरणारी मुले मी शिक्षक म्हणून पाहतो. त्यांना मी अर्ज भरायला लावतो. हेही या कचऱ्याच्या धोरणाचेच अंग आहे. पर्यावरण खात्याच्या फायलीत ते सापडणार नाही. सफाई कामगारांसाठीच्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४ पासून कचरावेचकांचा समावेश झाला आहे. त्यांची गणना, ओळखपत्र, आरोग्यविमा यांसाठी ती वापरता येते. ज्या गावात अजून गणना झालेली नाही तेथे ती मागणे हे पहिले काम, कारण जी मोजली गेली नाही तिला ठेक्यात सामावून घेण्याचा प्रश्नच पालिकेपुढे येत नाही.

यानंतरची गोष्ट तालुक्याच्या गावातल्या कार्यकर्त्यांसाठी. पुण्याची गोष्ट पुण्यात राहिली, कारण बहुतेक नगरपालिकांत नियम येतो तो निविदेच्या रूपाने. केंद्राच्या नियमांनुसार स्थानिक संस्थेला आपले उपविधी करावे लागतात. त्यांचा मसुदा निघतो, हरकती आणि सूचना मागविल्या जातात. ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असते आणि बहुधा कोणी वाचत नाही. तो मसुदा मिळवावा. माहितीच्या अधिकारात चालू ठेक्याची प्रत मागावी. त्यात पैसे टनावर आहेत की घरांवर, ते आधी पाहावे. सुका माल कोणाचा, हे लिहिले आहे का ते पाहावे. लिहिले नसेल तर तो ठेकेदाराचा असतो, असे समजावे. निविदेत किती गाड्या हव्यात, मागच्या तीन वर्षांत उलाढाल किती हवी, या अटी कोणाला बाहेर ठेवण्यासाठी आहेत हे एका वाचनात कळते. कचरावेचक स्त्रियांचा बचत गट कोटीची उलाढाल दाखवू शकत नाही. वर्गीकरण केंद्रासाठी जागा कोणत्या सर्व्हे नंबरात धरली आहे आणि ती कोणत्या वस्तीला लागून आहे, हेही पाहावे, कारण डेपो आणि दलित वस्ती यांच्यातले अंतर मोजण्याची सवय अजून आपल्याला लागलेली नाही. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीने वर्षानुवर्षे सोसला आणि तेथील गावकऱ्यांनी गाड्या अडविल्या तेव्हा शहराला कचरा दिसला.

आत्याला मी नव्या नियमांतले चार डबे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “ते ठीक हाय मास्तर. पन गाडी आली तर माल बी गाडीचाच का, ते लिवलंय का त्याच्यात?” आमच्या गावच्या नगरपालिकेत नव्या ठेक्याची तयारी चालू आहे असे कळते. मसुदा अजून हाती आलेला नाही. अर्ज दिला आहे. ३० दिवसांत उत्तर यायला हवे.